शेवंडीच्या रेसिपीचं प्रकरण: 'मॅप अँड लुचिया'तल्या एका भांडणाचा पूर्ण पाठपुरावा

गावात मोठं कोण, या एकाच प्रश्नावर उभ्या असलेल्या ब्रिटिश कॉमेडी मालिका बऱ्याच आहेत, पण त्यातली सगळ्यात बारीक विणीची कुठली असं मला विचाराल तर मी १९८५-८६ची 'मॅप अँड लुचिया' म्हणेन. लंडन वीकेंड टेलिव्हिजनने चॅनल फोरसाठी केलेली, दोन सीझन, प्रत्येकी पाच भाग, झाले दहा. बीबीसीने २०१४च्या डिसेंबरमध्ये शेवटच्या तीन रात्री तीन भागांत तीच गोष्ट परत केली, तीही चांगली आहे, पण इथे मी जुनीबद्दल लिहितोय आणि तिच्यातल्याही एकाच प्रकरणाबद्दल. पहिल्या सीझनचा चौथा भाग 'लॉब्स्टर पॉट्स' आणि त्याला जोडून पाचवा, 'द आउल अँड द पुसीकॅट'. या दोन भागांत शेवंडीच्या (लॉब्स्टरच्या) एका पदार्थाच्या रेसिपीवरून दोन बायकांचं भांडण इतकं वाढतं की दोघी समुद्रात वाहून जातात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हा नुसता वेडेपणा वाटेल. मला मात्र वाटतं की ही घटना नीट उलगडून बघितली तर छोट्या गावातली चढाओढ कशावर चालते ते जितकं स्वच्छ कळतं तितकं दुसरीकडे कुठे कळत नाही, म्हणून हे सविस्तर.

आधी गाव. मालिकेतलं टिलिंग म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ईस्ट ससेक्समधलं राय, आणि शूटिंगही तिथेच झालंय. टेकडीवर वसलेलं, दगडगोट्यांच्या अरुंद गल्ल्यांचं, वरती सेंट मेरी चर्च. एकेकाळी बंदर होतं, नंतर समुद्र मागे हटला आणि मध्ये सपाट दलदलीची जमीन राहिली. गावाच्या पायथ्याशी टिलिंगहॅम नावाची नदी आहे, तिच्यावरूनच टिलिंग हे नाव आलं. ज्या कादंबऱ्यांवरून मालिका केली त्यांचा लेखक ई. एफ. बेन्सन याच गावात राहायचा, 'लॅम्ब हाउस' नावाच्या विटांच्या घरात, जिथे त्याच्या आधी हेन्री जेम्स राहून गेलेला. बेन्सनचे वडील कँटरबरीचे आर्चबिशप होते, म्हणजे शिष्टाचार काय असतो आणि त्याच्या आड काय काय चालतं ते त्याने लहानपणापासून पाहिलेलं असणार, आणि पुढे १९३४ ते १९३७ तो स्वतः रायचा मेयर होता. म्हणजे हे गाव त्याने लांबून पाहून लिहिलेलं नाही. कादंबरीतलं मॅलार्ड्स हे घर म्हणजे त्याचं स्वतःचं लॅम्ब हाउसच. त्या घराला रस्त्याकडे बाहेर आलेल्या मोठ्या खिडकीची एक 'गार्डन रूम' होती आणि तिथे बसलं की खालून कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या टोपलीत काय आहे सगळं दिसायचं. १९४०मध्ये बेन्सन फेब्रुवारीत गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती खोली बॉम्ब पडून नष्ट झाली. घर मात्र अजून उभं आहे, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

आता माणसं. एलिझाबेथ मॅप ही मॅलार्ड्सची मालकीण, अविवाहित, गावाची अघोषित राणी. तिची सत्ता कशावर, तर त्या खिडकीवर आणि इतकी वर्षं तिच्या तोडीचं कोणी नव्हतं यावर. पैसा बेताचाच, म्हणून उन्हाळ्यात ती घर भाड्याने देते. एमेलिन लुकस, जिला सगळे नवऱ्याच्या आडनावाचं इटालियन रूप करून लुचिया म्हणतात, ती रायझहोम नावाच्या दुसऱ्या गावाची राणी, नुकतीच विधवा झालेली, पैसेवाली, आणि दोन महिन्यांसाठी मॅलार्ड्स भाड्याने घेऊन टिलिंगमध्ये येते. सोबत तिचा मित्र जॉर्जी पिल्सन, भरतकाम करणारा, पियानोवर तिच्याबरोबर चार हातांनी वाजवणारा, तो शेजारचं छोटं घर घेतो. मग लुचिया जी येते ती कायमचीच, गावाबाहेर दलदलीच्या कडेला ग्रीब नावाचं घर विकत घेते. तेव्हा वर टेकडीवर मॅप, खाली सखल जमिनीवर लुचिया. ही मांडणी लक्षात ठेवा, पुढे पाणी शिरणार आहे ते खालच्याच घरात.

मॅपचं काम प्रुनेला स्केल्स करते, 'फॉल्टी टॉवर्स'मधली सिबिल म्हणून आपल्याकडेही बऱ्याच जणांना ती माहीत आहे. लुचिया म्हणजे जेराल्डिन मॅकइवन, नंतर मिस मार्पल झाली ती. जॉर्जी म्हणजे नायजेल हॉथॉर्न, 'येस मिनिस्टर'चे सर हम्फ्री. तिघंही एकाच मालिकेत आणि तिघंही भरात.

रेसिपीपर्यंत यायच्या आधी काय काय झालं ते थोडक्यात सांगायलाच हवं, नाहीतर मॅप एवढी इरेला का पेटली ते कळणार नाही. घर भाड्याने दिल्यावरही मॅप ते आपलंच समजून बेल न वाजवता आत यायची, तेव्हा लुचियाने एकदा दाराला साखळीच लावून ठेवली. घर तिचं, पण तिलाच दारात थांबायची वेळ. मग 'द इटालियन कनेक्शन' या तिसऱ्या भागातलं प्रकरण. लुचिया कायम बोलण्यात इटालियन शब्द पेरते, आणि तिला खरंतर त्या पेरणीपलीकडे काहीही येत नाही. गावातल्या मिस्टर वाइज यांची बहीण इटलीतल्या काउंटची बायको, ती गावात येणार असं ठरतं आणि मॅपला आनंदाचं भरतं येतं, कारण आता सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लागणार. लुचिया फ्लू झाल्याचं सांगून घरात दडी मारते, मॅपला समजतं की तिला काहीही झालेलं नाही, तरीही शेवटी डाव मॅपवरच उलटतो. पियानोचंही तसंच. बीथोव्हनचा मूनलाइट सोनाटा लुचिया नेहमी वाजवते, पण तिच्या तीन भागांपैकी पहिली मूव्हमेंट, जी संथ आहे तेवढीच, पुढच्या दोन वाजवायच्या नाहीत याला तिने एक तात्त्विक कारणही शोधून ठेवलंय.

म्हणजे मॅपला एक गोष्ट पक्की माहीत आहे, की लुचियाकडे जे जे आहे ते सगळं पोकळ आहे. आणि ती बरोबर आहे! या मालिकेत मॅपला खलनायिका ठरवून मोकळं होणाऱ्यांचं मला पटत नाही ते याचसाठी. मॅप जवळजवळ प्रत्येक वेळी सत्याच्या बाजूने असते आणि प्रत्येक वेळी हरते, कारण खरं काय ते सिद्ध करायला तिला गावासमोर उघडपणे असभ्य वागावं लागतं आणि टिलिंगमध्ये खोटं बोलणं खपतं, असभ्यपणा खपत नाही.

आणि मग येते शेवंड.

लुचियाच्या टेबलवर एक पदार्थ येतो, 'लॉब्स्टर आ ला रायझहोम'. सगळं गाव खाऊन गप्प होतं, म्हणजे खरंच गप्प, तोंडात घास असताना कोणाला बोलायचं नसतं इतकं ते चांगलं असतं. नावातच बघा, रायझहोम. टिलिंगच्या लोकांनी त्या पदार्थाचं कौतुक करायचं म्हणजे लुचियाच्या जुन्या गावाचं नाव घ्यायचं, स्वतःच्या गावात बसून. मॅप चव घेऊन आत काय काय असेल ते ओळखायचा प्रयत्न करते, जमत नाही. मग गोड बोलून रेसिपी मागते, आणि लुचिया तितक्याच गोडपणे टाळते. परत विचारते, परत टाळाटाळ.

या नकाराचं वजन समजून घ्यायला हवं. टिलिंगमध्ये सकाळी सगळ्या बायका टोपल्या घेऊन हाय स्ट्रीटवर खरेदीला निघतात आणि "काही नवीन?" विचारत एकमेकींना बातम्या देतात, ही तिथली रोजची देवघेव आहे. त्यात एकमेकींना रेसिपी देणंही आलं. कोणी मागितली की द्यायची, हा अलिखित नियम. तो लुचियाने मोडला, पण मोडला अशा पद्धतीने की "नाही" हा शब्द कुठेच उच्चारला नाही, त्यामुळे तक्रार करायची तर कशाची करायची? सगळं गाव चिडलेलं आहे, डिव्हा प्लेस्टोसारखी खाण्याची शौकीन बाई तर जास्तच, पण बोलता येत नाही कारण पुन्हा जेवायला बोलावणं यायला हवंय.

माझं म्हणणं इथेच सुरू होतं. लुचियाचं इटालियन खोटं, पियानो एकतृतीयांश, पण शेवंड? शेवंड खरी आहे. ती लोकांनी खाल्लीय. त्यात दिखावा नाही, सोंग नाही, एक घास घेतला की निकाल लागतो. लुचियाकडची ही एकमेव अस्सल वस्तू आहे आणि म्हणूनच मॅपची पंचाईत होते, कारण जे खोटं आहे ते उघडं पाडता येतं, जे खरं आहे त्याचं काय करणार? आजवर तिच्याकडे एकच हत्यार होतं, भांडं फोडायचं. ते इथे चालत नाही. मग उरतं काय, तर ती गोष्ट लुचियाकडून काढून आपल्याकडे घ्यायची. इतके भाग शोध घेणारी मॅप या भागात चोर का होते याचं उत्तर मला तरी हेच दिसतं. लेखकाने हे कुठे बोलून दाखवलेलं नाही, पण घटनांचा क्रम बघा, इटालियनचा डाव फसल्यानंतरच रेसिपीचा ध्यास सुरू होतो.

अजून एक धागा आहे जो पहिल्यांदा बघताना सुटतो. निरोप घेताना टिलिंगमधले सगळे लोक 'ओ रेझर्व्हॉर' म्हणतात, फ्रेंच 'ओ रव्हुआर'चा मुद्दाम केलेला चावटपणा. हे मूळचं लुचियाचं. काही वर्षांपूर्वी मॅप रायझहोमला जाऊन राहिली होती, तिथे तिने ते ऐकलं आणि आपल्या गावात आणून रुजवलं, लुचिया येते तेव्हा टिलिंगमध्ये ते रोजच्या वापरातलं झालेलं असतं. म्हणजे लुचियाची गोष्ट उचलून आपली म्हणून चालवायची हे मॅपने आधी एकदा केलेलं आहे आणि ते पचलेलं आहे. शब्द उचलता येतो तसा पदार्थही उचलता येईल असं तिला वाटलं असेल तर त्यात नवल नाही. फरक एवढाच की शब्द कानाने घेता येतो, रेसिपीसाठी मात्र स्वयंपाकघरात शिरावं लागतं.

तो दिवस बॉक्सिंग डे, म्हणजे २६ डिसेंबर, नाताळच्या दुसऱ्या दिवशीची सुट्टी. ग्रीबमध्ये नोकरमाणसं नाहीत. मॅप टेकडी उतरून तिथे येते, स्वयंपाकघर रिकामं दिसतं, आत जाते, स्वयंपाकिणीची वही शोधते आणि तिला ती रेसिपी सापडते. आणि त्याच वेळी लुचिया दारात.

इथे थांबून एक विचार करण्यासारखा आहे. रेसिपी ज्या वहीत आहे ती वही स्वयंपाकिणीची आहे. हा पदार्थ लुचियाने कधी केलेला नाही, मॅपही करणार नाही, तिचीही स्वयंपाकीणच करणार. ज्या बाईच्या हाताला ती चव आहे तिला या सगळ्या भांडणात कोणी विचारतसुद्धा नाही. बेन्सनच्या जगात हे सगळीकडे आहे, लुचियाची मोलकरीण ग्रोव्हनर, जॉर्जीची फोलजॅम्ब, या बायकांवर त्या घरांचं सगळं चालतं, फोलजॅम्ब लुचियाच्या ड्रायव्हरशी लग्न करणार म्हटल्यावर जॉर्जीच्या पायाखालची जमीन सरकते, इतकं ते अवलंबून असणं आहे. मालिकेने ते दाबलेलं नाही, फोलजॅम्बचा एक कटाक्ष कधीकधी पूर्ण संवादाचं काम करतो. पण रेसिपीच्या बाबतीत "ही कोणाची?" हा प्रश्न दोन मालकिणींमध्येच फिरतो, आणि आज बघताना हे टोचतं. टोचायलाच हवं असं मला वाटतं. १९३१ सालच्या कादंबरीत तसं असणं समजू शकतो, आपण बघताना मात्र ती वही कोणाची आहे ते विसरू नये.

तर दोघी समोरासमोर, एकीच्या हातात चोरीचा माल, आता काहीतरी बोलावंच लागणार, इतके महिने जे गोड बोलण्याखाली झाकलेलं होतं ते आता उघड होणार, आणि नेमक्या त्याच क्षणी बांध फुटतो. समुद्राचा बांध. पाणी स्वयंपाकघरात घुसतं, मोठं टेबल उलटं होऊन तरंगायला लागतं, दोघी जीव वाचवायला त्याच्यावर चढतात आणि टेबल पाण्याच्या लोटाबरोबर घराबाहेर, दलदलीवरून, समुद्राकडे. टिलिंगची माणसं बघत राहतात. आणि लांबून लुचियाचा आवाज येतो, परत येऊ, ओ रेझर्व्हॉर!

बरेच जण हा पूर म्हणजे लेखकाने हात झटकले असं म्हणतात. मला उलट वाटतं. पहिली गोष्ट म्हणजे त्या भूगोलात हे काही आभाळातून पडलेलं नाही. रायच्या खालची जमीन भरतीच्या पातळीला लागून आहे, बांधांच्या आणि चरांच्या जोरावर ती कोरडी राहते. तिथला समुद्रही गमतीचा नाही, १५ नोव्हेंबर १९२८ला राय हार्बरची 'मेरी स्टॅनफर्ड' ही लाइफबोट वादळात उलटली आणि तिच्यावरचे सतराच्या सतरा जण गेले, एका छोट्याशा वस्तीतले. कादंबरी आली ती त्यानंतर तीन वर्षांनी. तेव्हा तिथल्या वाचकाला समुद्र माणसं नेतो हे सांगायला नको होतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या दोघींचं भांडण माणसांच्या जगात कधीच उघड होऊ शकत नाही. तिथे शिष्टाचार आहे, दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्रिज खेळायला एकाच टेबलवर बसायचं आहे. "तू चोर आहेस" हे वाक्य उच्चारलं की गावच संपलं, कारण मग त्या दोघी एका घरात येऊ शकत नाहीत आणि त्या दोघी एका घरात आल्या नाहीत तर टिलिंगला बघायला काय उरलं? तेव्हा ते वाक्य अडवायला समुद्रच लागला. छोट्या गोष्टीला एवढं मोठं पाणी, याच प्रमाणामुळे ते हसू येतं.

त्या टेबलचंही बघा. दोघी तोल सांभाळून बसल्या तरच ते तरंगणार. एकीने दुसरीला ढकललं तर दोघी बुडतील.

पुढे त्यांना इटालियन मच्छीमारांचा ट्रॉलर उचलतो, कॉड मासेमारीसाठी लांब निघालेला, त्यामुळे काही महिने दोघी त्याच बोटीवर. इटालियन! ज्या भाषेच्या भीतीने लुचिया फ्लूचं सोंग घेऊन पडली होती त्या भाषेच्या माणसांत ती महिनोन्महिने, आणि साक्षीदार एकटी मॅप. इकडे गाव त्यांना मेलेलं समजतं. जॉर्जी दोघींच्या नावाचं स्मारक उभारतो, ग्रीब त्याच्याकडे आलंय पण त्याचं मन त्यात नाही. आणि मेजर बेंजी, ज्याच्या नावावर मॅपने मॅलार्ड्स करून ठेवलंय, तो मात्र लगेच तिथे राहायला जातो. मेजर बेंजीबद्दल थोडं सांगायलाच हवं कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. हा आपल्याकडे, हिंदुस्थानात नोकरी करून परतलेला ब्रिटिश अधिकारी, वाघांच्या शिकारीच्या गोष्टी सांगणारा, घरी वाघांची कातडी, आणि इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरात नोकराला हाक मारताना अजूनही "कोई है?" ओरडणारा. असे लोक त्या काळात इंग्लंडच्या प्रत्येक किनारी गावात पेन्शनवर राहत होते. वसाहतीतला रुबाब घरी आल्यावर चालत नाही, मग उरतात गोष्टी आणि व्हिस्की. डेनिस लिलने तो छान केलाय, त्याचा मोठा आवाज आणि त्याच्यामागची भित्रेपणाची झाक दोन्ही दिसतात. (बेन्सनच्या १९२०च्या पहिल्या लुचिया कादंबरीत बनारसहून आलेला एक योगगुरूही आहे, त्याच्यावर हक्क कोणाचा यावरून रायझहोमच्या बायकांत झोंबाझोंबी, आणि तो निघतो लंडनच्या एका हॉटेलातला करी करणारा स्वयंपाकी. तो भाग या मालिकेत नाही, पण पुस्तक मिळालं तर नक्की वाचा. शंभर वर्षांपूर्वी तिकडे योगाचं काय खूळ होतं ते कळतं.)

आणि मग दोघी परत येतात. चालत, जिवंत. मॅप मेजरला आपल्या घरातून हाकलते. आता सुरू होते दुसरी शर्यत, बोटीवर काय झालं त्याची कथा कोण आधी आणि कोण चांगली सांगणार. दोघींच्या दोन कथा, गाव दोन्हीकडे जेवून दोन्ही ऐकणार.

पण रेसिपीचं काय?

इथे मॅपच्या चोरीतली खरी गोम समोर येते, आणि मला हे प्रकरण इतकं आवडतं ते याच्यासाठी. समजा रेसिपी मिळाली. मग? तिचा उपयोग एकच, पदार्थ करून गावाला वाढणं. पण ज्या दिवशी तो पदार्थ मॅपच्या टेबलवर येईल त्या दिवशी प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारणार, लुचियाने तर कोणालाच दिली नव्हती, मग हिच्याकडे आली कुठून? दागिना चोरला तर वितळवता येतो, ही चव वितळवता येत नाही. कपाटात ठेवली तर चोरून फायदा काय आणि वापरली तर कबुलीजबाब. लुचियाला हे त्या स्वयंपाकघरातच कळलं असणार, म्हणून ती घाई करत नाही. एवढे महिने एकत्र काढूनही ती गप्प राहते. आरोप करायची गरजच नाही, मॅपची हौस तिला एक ना एक दिवस तो पदार्थ वाढायला लावणार हे ती जाणून आहे. आणि तसंच होतं, मॅपच्या घरच्या जेवणात ती शेवंड येते, सगळे एकमेकांकडे बघतात, आणि पुरावा मॅपने स्वतःच्या हाताने पानात वाढलेला असतो.

लुचिया जिंकते ती हुशार आहे म्हणून नाही, तिला थांबता येतं म्हणून. मॅपला थांबता येत नाही. दोघींमधला हाच फरक सगळ्या दहा भागांत आहे.

आता ही सगळी गोष्ट पुस्तकात सांगणं सोपं, कारण तिथे बेन्सन प्रत्येकाच्या डोक्यात शिरून सांगू शकतो. टीव्हीवर विचार ऐकू येत नाहीत. पटकथा जेराल्ड सॅव्हरीची, दिग्दर्शन डोनाल्ड मॅकव्हिनीचं. मॅकव्हिनी म्हणजे १९५७मध्ये बीबीसी रेडिओवर सॅम्युअल बेकेटचं 'ऑल दॅट फॉल' करणारा आणि १९५८मध्ये 'क्रॅप्स लास्ट टेप' पहिल्यांदा रंगमंचावर आणणारा माणूस. असा माणूस गावच्या बायकांच्या चढाओढीची मालिका करतो हे वाचून आधी आश्चर्य वाटतं, पण बघितल्यावर पटतं, कारण शांततेला घाबरत नाही तो. कोणी काही बोललं की समोरचा लगेच उत्तर देत नाही, मध्ये एक जागा राहते, आणि त्या जागेत चेहऱ्यावर सगळं होतं. मॅकइवन शब्द लांबवते, मान किंचित कलती करते, आवाज गाण्यासारखा वर नेते. स्केल्स हसते, आणि ते हसू डोळ्यांपर्यंत कधीच जात नाही, ओठ ताणलेले तसेच राहतात आणि आत काय उकळतंय ते तुम्हाला दिसतं. रेसिपी मागायचे आणि टाळायचे जे प्रसंग आहेत त्यात एकही कडवट शब्द नाही, सगळं "डिअर" आणि "डार्लिंग"मध्ये चाललंय. मागे हसण्याचे ठरावीक आवाज टाकलेले नाहीत हेही फार बरं केलं, तसे आवाज असते तर हे सगळं मेलं असतं.

२०१४च्या मालिकेत मिरांडा रिचर्डसनची मॅप आणि अॅना चॅन्सेलरची लुचिया आहे, स्टीव्ह पेंबर्टनने पटकथाही लिहिली आणि जॉर्जीही तोच झाला. रिचर्डसनची मॅप दातांमुळे आणि चालीमुळे विसरता येत नाही. रंग, कपडे, गाव सगळं सुंदर दिसतं. पण तीन तासांत ही गोष्ट मला घाईत गेल्यासारखी वाटते. शेवंडीसारख्या प्रकरणाला नकार साठत जायला वेळ लागतो, पहिला नकार, दुसरा नकार, मध्ये दोन साधी जेवणं, एक खरेदीची सकाळ, मग कुठे तो बॉक्सिंग डे. दहा भागांच्या मालिकेत हा वेळ आहे. पुढच्या काळात कोणी ही गोष्ट परत करणार असेल तर तिने आठ-दहा भाग मागून घ्यावेत असं मला मनापासून वाटतं, कारण यातली गंमत घटनांमध्ये कमी आणि वाट बघण्यात जास्त आहे.

प्रकरणानंतर काय झालं हेही नोंदवतो. मॅप आणि मेजर बेंजी यांचं लग्न होतं. दुसऱ्या सीझनमध्ये शेअर बाजाराचं वारं गावात शिरतं, सोन्याच्या खाणीच्या शेअर्समध्ये मॅपचं बरंच बुडतं आणि शेवटी तिला मॅलार्ड्स सोडावं लागतं, लुचिया वर टेकडीवर जाते आणि मॅप खाली ग्रीबमध्ये, म्हणजे त्याच घरात जिथल्या स्वयंपाकघरात ती पकडली गेली होती. हा भाग 'चेंज अँड चेंज अबाउट'. मग लुचिया टिलिंगची मेयर होते, बेन्सनने मेयर असतानाच्या दिवसांत जे पाहिलं त्याचा उपयोग त्या शेवटच्या कादंबरीत दिसतो. खिडकीची अदलाबदल झाली तरी भांडण संपत नाही, फक्त आता वरून बघणारी दुसरी आहे.

नवीन बघणाऱ्यांसाठी, चौथा भाग थेट लावू नका, मोह झाला तरी. तिसऱ्यापासून सुरू करा, इटालियनचं प्रकरण आधी बघा, म्हणजे मॅप त्या रिकाम्या स्वयंपाकघरात पाऊल टाकते तेव्हा ती किती वेळा खरं असून हरलेली आहे ते तुमच्या डोक्यात असेल. आणि चौथा-पाचवा एकाच बैठकीत बघा, मध्ये दिवस जाऊ देऊ नका.